नगरपालिकेची शाळा, जिल्हा परिषदेची शाळा : दोन कारभारांची पार्श्वभूमी

तालुक्याच्या गावातील नगरपालिकेची शाळा आणि तिथून चार-पाच किलोमीटरवरील खेड्यातील जिल्हा परिषदेची शाळा यांची तुलना केली जाते, तेव्हा इमारत, पट आणि निकाल यांच्यापलीकडे सहसा कोणी जात नाही. दोन्ही शाळांचे क्रमिक पुस्तक एक, शिक्षकाची पात्रता एक आणि वेतनश्रेणीही एकच असली, तरी त्यांचे धनी वेगळे आहेत. ही विभागणी दीडशे वर्षांहून जुन्या आर्थिक तंट्यातून आली आहे.

मुंबई इलाख्यात 1860च्या दशकात शेतसाऱ्याच्या प्रत्येक रुपयामागे एक आणा लोकल फंड, म्हणजे स्थानिक कामांसाठीचा उपकर, वसूल होऊ लागला आणि त्याचा एक तृतीयांश भाग शिक्षणासाठी राखला गेला. कर भरणारा शेतकरी खेड्यात होता. शाळा मात्र आधी मोठ्या गावांत आणि शहरांत उभ्या राहिल्या. 1882 साली ब्रिटिश सरकारने शिक्षणाच्या पाहणीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात महात्मा फुले यांनी, रयतेकडून गोळा होणारा पैसा वरच्या वर्गांच्या शिक्षणावर खर्च होतो, असे स्पष्टपणे मांडले. मोठ्या शहरांतील प्राथमिक शाळांचा सगळा खर्च नगरपालिकांनी उचलावा, पण व्यवस्था पूर्णपणे त्यांच्या हाती देऊ नये, असेही त्यांनी सुचवले होते. आयोगाने ग्रामीण आणि नागरी शाळांचे हिशेब वेगळे ठेवण्याची शिफारस केली. शिफारस न्याय्यच होती, कारण खेड्याचा पैसा शहरात वळवण्याची वाट तिने अडवली; मात्र आपापल्या ऐपतीप्रमाणे शाळा चालवण्याचा पायाही त्यातूनच पक्का झाला. 1884च्या कायद्यांनी ग्रामीण भागासाठीची लोकल बोर्डे आणि शहरांसाठीच्या नगरपालिका या दोन्ही चौकटींना कायदेशीर आकार दिला.

पुढची तफावत सक्तीच्या शिक्षणाने पाडली. विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने झालेल्या 1918च्या कायद्याने सक्ती लागू करण्याची मुभा फक्त नगरपालिकांना मिळाली आणि ब्रिटिश मुलखातील खेडी त्याबाहेर राहिली. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी 1917 सालीच मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा केला होता, हे त्यासोबत ध्यानात घ्यावे लागते. 1923च्या कायद्याने शाळांचा कारभार जिल्हा लोकल बोर्डांकडे आणि नगरपालिकांकडे आला. 1947च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने नगरपालिकांचे अधिकृत आणि अनधिकृत असे दोन वर्ग केले. अधिकृत नगरपालिका आपले शिक्षण मंडळ चालवी. बाकीच्या गावांत शाळा जिल्हा मंडळाकडेच असत. गाव शहर झाले तरी शाळेच्या फाटकावर जिल्हा परिषदेचीच पाटी असते, याचे मूळ बऱ्याच ठिकाणी इथे सापडते.

वसंतराव नाईक समितीच्या अहवालावरून झालेल्या 1961च्या कायद्यानुसार 1 मे 1962 पासून जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि ग्रामीण प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. माध्यमिक शिक्षणाचे चित्र मात्र प्रदेशागणिक बदलते. पश्चिम महाराष्ट्रात ते मुख्यतः 1919 साली स्थापन झालेल्या रयत शिक्षण संस्थेसारख्या खाजगी अनुदानित संस्थांनी उभे केले. निजामाच्या राजवटीतून आलेल्या मराठवाड्यात सरकारी शाळांची परंपरा असल्याने तालुक्याच्या गावी आजही ‘जिल्हा परिषद प्रशाला’, म्हणजे परिषदेची माध्यमिक शाळा, भेटते. त्यामुळे साताऱ्याकडच्या तुलनेचा निष्कर्ष बीडकडे जसाच्या तसा लावता येत नाही.

शिक्षकाच्या बाबतीतही हा भेद जाणवतो. नगरपालिकेच्या शिक्षकाची बदली झाली तरी सहसा त्याच गावातील दुसऱ्या शाळेत होते. जिल्हा परिषदेच्या शिक्षकासमोर सगळा जिल्हा असतो. 27 फेब्रुवारी 2017च्या शासन निर्णयाने बदल्यांसाठी गावांची सर्वसाधारण आणि अवघड अशी क्षेत्रे ठरवली. तरीही गुरुजींचे ‘अप-डाऊन’, म्हणजे रोज बाहेरगावाहून शाळेत ये-जा करणे, थांबलेले नाही. उलट बाजूने पाहिले, तर शहरातील मध्यमवर्गाने नगरपालिकेची शाळा केव्हाच सोडली, तर खेड्यातील शाळा सरपंचापासून शेतमजुरापर्यंत सगळ्यांची राहिली. इंग्रजी शाळेची पिवळी गाडी वस्तीपर्यंत येऊ लागल्यावर मात्र तिथेही पट घसरू लागला.

आकडे वाचताना म्हणूनच जपावे लागते. 1 एप्रिल 2010 पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीसाठी साठ मुलांपर्यंत दोन आणि 91 ते 120 मुलांसाठी चार शिक्षक लागतात. म्हणजे वीस पटाच्या खेड्यातील शाळेत कागदावर एका शिक्षकामागे दहा मुले आणि शहरातील 120 पटाच्या शाळेत तीस. या कागदावरून खेडे सुस्थितीत वाटते. प्रत्यक्षात दोन शिक्षकी शाळेत चौथीपर्यंतच वर्ग असले तरी प्रत्येकाकडे दोन-दोन इयत्ता येतात. पहिलीला अक्षरे गिरवायला बसवून दुसरीचे गणित घ्यावे लागते, आणि त्यांपैकी एक जण केंद्राच्या (आसपासच्या शाळांच्या गटाच्या) बैठकीला गेला की चारही वर्ग एकट्यावर पडतात.