माशांची टाकी आणि आठवड्याचा सव्वा तास

सांगलीच्या बाजारात माशांची टाकी घ्यायला आलेले गिऱ्हाईक दुकानदाराला पहिला प्रश्न किमतीचा विचारते आणि दुसरा साफसफाईचा. दुसऱ्या प्रश्नाला बहुधा "फारसे काही करावे लागत नाही" असे उत्तर मिळते, आणि दुकानदाराला टाकी विकायची असल्याने त्यात नवल काही नाही. प्रत्यक्षात दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच अशा नेहमीच्या टाकीत बेताचे मासे असतील, तर आठवड्याला साधारण सव्वा तास पुरतो. त्यातला जवळजवळ निम्मा वेळ रोज चार-पाच मिनिटे खाद्य देण्यात आणि मासे नीट पोहत आहेत ना हे पाहण्यात जातो, तर उरलेला एका बैठकीत पाणी बदलण्यात जातो. हाच सव्वा तास एखाद्या घरी पाऊण तासावर येतो आणि एखाद्या घरी दर रविवारची अख्खी सकाळ खाऊन टाकतो. हा फरक मालकाच्या हौसेमुळे किंवा आळसामुळे पडतो असे समजले जाते, परंतु खरा हिशेब आठवडाभरात टाकीत किती खाद्य पडते आणि ते किती लिटर पाण्यात पडते, यावर चालतो.

हा हिशेब घरी कागदावर मांडता येतो. खाद्याच्या डब्यावर प्रथिनांचे प्रमाण छापलेले असते आणि ४० टक्के हा आकडा तेथे सहज आढळतो. प्रथिनांच्या वजनातला सुमारे १६ टक्के भाग नायट्रोजनचा असतो, म्हणजे एक ग्रॅम खाद्याबरोबर ६४ मिलिग्रॅम नायट्रोजन टाकीत जातो. त्यातला काही माशांच्या अंगी लागतो आणि उरलेला, ढोबळमानाने ६० टक्के धरला तर ३८ मिलिग्रॅम, मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपात पाण्यात परत येतो. टाकीतले जिवाणू या विषारी अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग मानाने कमी घातक नायट्रेट करतात. ३८ मिलिग्रॅम नायट्रोजनपासून जवळपास १७० मिलिग्रॅम नायट्रेट तयार होते. आपल्या टाकीचे आकारमान दोन घनफूट, म्हणजे सुमारे ५६ लिटर असून खडी आणि वरची मोकळी जागा वजा केली की पाणी ५० लिटरच्या आसपास राहते. तेव्हा एक ग्रॅम खाद्यामागे दर लिटरला साडेतीन मिलिग्रॅमच्या जवळपास नायट्रेट वाढते, आणि आठवड्याला तीन ग्रॅम खाद्य पडत असेल तर दहा मिलिग्रॅम.

आता दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलले, तर नायट्रेट वाढत वाढत अशा पातळीवर येऊन थांबते, की आठवड्यात जेवढे तयार होते तेवढेच काढलेल्या पाण्याबरोबर निघून जाते. दहा मिलिग्रॅमची भर आणि चौथ्या हिश्श्याचा बदल असेल, तर ही पातळी पाणी बदलण्याआधी लिटरला ४० आणि बदलल्यानंतर ३० मिलिग्रॅम अशी ठरते. गोड्या पाण्याच्या टाकीत ४० ही वरची मर्यादा मानण्याची मत्स्यपालकांमध्ये रीत आहे, म्हणून हे प्रमाण चालण्यासारखे आहे. मासे दुप्पट केले की खाद्य दुप्पट होते, आणि तेवढ्याच पाणीबदलाने पातळी ८० वर जाते. ती पुन्हा ४० वर आणायची असेल, तर दर आठवड्याला अर्धी टाकी बदलावी लागते. उलट मासे तेवढेच ठेवून पाणी दुप्पट केले, तर चौथा हिस्सा पाणी पंधरा दिवसांतून एकदा बदलले तरी भागते. टाकी लहान म्हणजे काम कमी, हा आपल्याकडचा सर्वांत रूढ समज या आकडेमोडीपुढे टिकत नाही. डासांच्या अळ्या खाण्यासाठी आरोग्य विभाग विहिरींमध्ये गप्पी मासे सोडतो, तेथे त्यांचे पाणी बदलायला कोणी जात नाही, कारण माशागणिक पाणीच इतके असते की घाण साठायला वाव मिळत नाही.

काचेच्या गोल भांड्याची गोष्ट नेमकी याच्या उलट आहे. त्यात पाच-सात लिटर पाणी मावते, फिल्टर बसत नाही, आणि तरीही त्यात दोन गोल्डफिश ठेवून ते भांडे टीपॉयवर सजवले जाते. गोल्डफिश हा मासा मुळात वीतभर वाढणारा आणि खादाड आहे. त्या भांड्याचे पाणी एक दिवसाआड बदलावे लागते. प्रत्येक खेपेला पंधरा मिनिटे धरली, तर आठवड्याचा तास तेथेही जातोच, आणि एवढे करूनही मासा अमोनियात राहतो. माझ्या मते हे भांडे माशांसाठी विकलेच जाऊ नये.

दुसरा वेळखाऊ प्रकार म्हणजे दर रविवारची "पूर्ण स्वच्छता". मासे बादलीत काढायचे, टाकी रिकामी करायची, खडी चाळणीत घालून नळाखाली खळखळून धुवायची, फिल्टरचा स्पंज साबणाने नाही तरी नळाच्या धारेखाली पांढरा होईपर्यंत पिळायचा आणि मग नवे पाणी भरायचे. यात दोन-अडीच तास जातात, टाकी दोन दिवस आरशासारखी दिसते आणि तिसऱ्या दिवशी पाणी दुधाळ होते. ते पाहून मालक पुढच्या रविवारी आणखी जोर लावून घासतो. प्रत्यक्षात त्याने दर आठवड्याला टाकीतले कामगारच धुऊन काढलेले असतात.

हे कामगार म्हणजे नायट्रीकरण करणारे जिवाणू. सर्गेई विनोग्राद्स्की यांनी १८९० च्या सुमारास त्यांना वेगळे करून दाखवले, आणि अमोनियापासून नायट्राइट करणारा गट निराळा, नायट्राइटपासून नायट्रेट करणारा गट निराळा, हेही त्यांच्याच कामातून स्पष्ट झाले. पुढे सव्वाशे वर्षे ही दोन पायऱ्यांची वाटणी पक्की मानली गेली, आणि २०१५ मध्ये दोन्ही पायऱ्या एकट्याने पार पाडणारे नायट्रोस्पायरा जातीचे जिवाणू सापडले. त्यांतले काही तर मत्स्यसंवर्धनाच्या फिल्टरमध्येच मिळाले. आपल्या कामाचा मुद्दा असा, की हे जिवाणू पाण्यात तरंगत नाहीत, ते स्पंजच्या, खडीच्या आणि काचेच्या पृष्ठभागाला चिकटून राहतात, आणि ते फार सावकाश वाढतात. अनुकूल परिस्थितीत काही जिवाणू वीस मिनिटांत दुप्पट होतात, तेथे यांना पंधरा-वीस तास, कधी त्याहूनही अधिक लागतात. म्हणूनच नवी टाकी स्थिर व्हायला चार ते सहा आठवडे जातात. या काळात एक दिवसाआड अमोनिया तपासावा लागतो, अधिक वेळा पाणी बदलावे लागते, आणि सव्वा तासाचा हिशेब दुपटीवर जातो. ओळखीच्या घरी वर्षभर चाललेली टाकी असेल, तर तिथल्या फिल्टरचा स्पंज आपल्या टाकीत पिळावा. दुधाला विरजण लावावे तसा हा प्रकार आहे, आणि सहा आठवड्यांचे काम बऱ्याचदा दोन-तीन आठवड्यांवर येते.

मग स्वच्छता करायची ती कशी? फिल्टर बंद करावा, काचेवरचे शेवाळ जुन्या प्लास्टिक कार्डाच्या कडेने खरवडावे आणि ते खाली बसेपर्यंत पाच मिनिटे थांबावे. नंतर बोटभर जाडीची पारदर्शक नळी घेऊन तिचे रुंद तोंड खडीत दोन-तीन सेंटिमीटर खुपसावे व दुसरे टोक जमिनीवरच्या बादलीत सोडून सायफन सुरू करावा. नळीच्या रुंद तोंडात खडी उसळते, गोल फिरते, आणि तिच्यातून तपकिरी धुरासारखा गाळ वर चढताना दिसतो. खडीचे दाणे जड असल्याने अर्ध्यावरून खाली पडतात आणि हलका गाळ तेवढा पाण्याबरोबर निघून जातो. तपकिरी धूर विरळ झाला की नळी उचलून शेजारी लावायची. टाकी टेबलावर आणि बादली जमिनीवर असली, तर बारा लिटरची बादली दोन-तीन मिनिटांत भरते, म्हणून एका खेपेला सगळी खडी उपसण्याच्या भरीस न पडता या आठवड्याला डावी बाजू, पुढच्या आठवड्याला उजवी, असे करणे बरे. त्याच बादलीतल्या टाकीच्या पाण्यात, तीन-चार आठवड्यांतून एकदा, फिल्टरचा स्पंज दोन-तीनदा दाबून काढावा. पाणी काळपट होते, स्पंज मात्र तपकिरीच राहतो, आणि तो तसाच राहायला हवा. बादलीतले पाणी कुंड्यांना घालावे. त्यातले नायट्रेट झाडांना खत म्हणून उपयोगी पडते.

यानंतर नव्या पाण्याचा प्रश्न येतो, आणि तेथे गावागावाचा फरक पडतो. नळाच्या पाण्यात लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन उरलेला असावा, असे भारतीय मानक सांगते. माणसाला ते सुरक्षित आहे, परंतु माशांच्या कल्ल्यांना आणि फिल्टरमधल्या जिवाणूंना त्याहून कमी मात्राही बाधते. आदल्या रात्री पाणी उघड्या पिंपात भरून ठेवले की बराचसा क्लोरीन उडून जातो. घाई असेल तर सोडियम थायोसल्फेट, म्हणजे दुकानात "हायपो" नावाने मिळणारे स्फटिक, तो काही मिनिटांत निष्प्रभ करते. पावसाळ्यात कृष्णेचे पाणी गढूळ येते तेव्हा जलशुद्धीकरणात क्लोरीनची मात्रा वाढवली जाते, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये नळाच्या पाण्याला वास येत असेल तर नुसत्या रात्रभराच्या भरवशावर राहू नये.

साताऱ्याच्या काही भागाला कास तलावाचे पाणी येते. जांभ्या दगडाच्या पठारावर कोसळलेल्या पावसाचे ते पाणी असल्याने त्यात क्षार कमी असतात. असे मऊ पाणी माशांना मानवते, पण टाकीत त्याची एक अडचण होते. नायट्रीकरणात आम्ल तयार होते, आणि एक ग्रॅम नायट्रोजनमागे कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात सुमारे सात ग्रॅम क्षारता, म्हणजे पाण्याची आम्ल पचवण्याची ताकद, खर्च होते. आपल्या टाकीत आठवड्याला तीन ग्रॅम खाद्य पडते, म्हणजे दर लिटरला आठवड्यागणिक सोळा मिलिग्रॅम क्षारता कमी होते. पाण्याची क्षारता मुळात ४०–५० मिलिग्रॅमच असेल आणि तीन-चार आठवडे पाणी बदलले नाही, तर ती संपते, सामू (पीएच) झपाट्याने खाली येतो, म्हणजे पाणी आम्लधर्मी होते, आणि जिवाणूंचे काम मंदावते. आम्लधर्मी पाण्यात अमोनिया साठला तरी तो बहुतांशी निरुपद्रवी अमोनियमच्या रूपात राहतो, म्हणून मासे वरकरणी धड दिसतात. मग एखाद्या सुट्टीच्या दिवशी मालकाला टाकीची आठवण होते, तो अर्ध्याहून अधिक पाणी एकदम बदलतो, सामू वर जातो आणि साठलेल्या अमोनियमचा काही भाग विषारी अमोनियात बदलतो. २५ अंश सेल्सिअस तापमानाला सामू ७ असताना एकूण साठ्यातला अवघा अर्धा टक्का विषारी रूपात असतो, तर सामू ८ झाला की तो पाच टक्क्यांच्या वर जातो. "स्वच्छ केली आणि मासे मेले" ही तक्रार पुष्कळदा अशी घडते. महिनाभर विसरलेली टाकी एका दिवसात सुधारण्याचा प्रयत्न न करता, दहावा हिस्सा पाणी रोज असे आठवडाभर बदलणे शहाणपणाचे.

सांगली-मिरज परिसरात बोअरचे पाणी वापरणाऱ्या घरांची अडचण निराळी आहे. हे पाणी पुष्कळ ठिकाणी जड असते. त्याचा सामू सहसा ढासळत नाही, पण तो आधीच वर असल्याने थोडा अमोनियाही अंगाशी येतो. शिवाय उन्हाळ्यात टाकीचे पाणी रोज थोडे उडते आणि पांढऱ्या रेघा काचेवर सोडून जाते. उडालेल्या पाण्याबरोबर क्षार जात नाहीत, त्यामुळे नुसती वरून भर घालत राहिले तर पाणी अधिकाधिक जड होत जाते. भर घालणे म्हणजे पाणी बदलणे नव्हे. भर घालायला साठवलेले पावसाचे स्वच्छ पाणी उत्तम, आणि क्षार काढून टाकणाऱ्या आरओ यंत्राचे पाणीही चालते.

उन्हाळ्यातला खरा धोका प्राणवायूचा असतो. समुद्रसपाटीला २० अंशांच्या एक लिटर पाण्यात ९.१ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना ७.६, सातारा-सांगलीच्या उंचीवर आणखी थोडा कमी. पाणी तापले की माशांची आणि जिवाणूंची गरज मात्र वाढते. एप्रिल-मेमध्ये एअर पंप रात्री बंद ठेवू नये, टाकीत वनस्पती असतील तर अजिबातच नाही, कारण अंधारात त्याही प्राणवायू घेतात. वीज दोन-तीन तास गेली तर बंद डब्याच्या फिल्टरमधल्या जिवाणूंची घुसमट सुरू होते, तेव्हा बॅटरीवरचा छोटा पंप जवळ असावा. टाकी खिडकीच्या उन्हात ठेवली तर पाणी तापते आणि शेवाळही वाढते, आणि सव्वा तासाच्या हिशेबात काच घासण्याची पंधरा मिनिटे फुकट वाढतात.

या सगळ्यात सर्वांत जास्त वेळ वाचवणारी गोष्ट खाद्याच्या चमच्यात आहे. मासे दोन मिनिटांत संपवतील एवढेच द्यावे आणि आठवड्यातून एक दिवस काहीही देऊ नये. प्रौढ, धडधाकट मासे चार-पाच दिवस उपाशी राहिले तरी त्यांचे बिघडत नाही. गणपतीला किंवा मेच्या सुट्टीत गावी जाताना टाकी शेजाऱ्यांवर सोपवली जाते, आणि शेजारी मायेपोटी दोन्ही वेळा मूठमूठ खाद्य टाकतात. चार दिवसांसाठी जात असाल तर कोणालाही सांगू नका. आठ-दहा दिवसांसाठी जात असाल, तर एक दिवसाआड एक अशा कागदी पुड्या बांधून द्या आणि खाद्याचा डबा कपाटात ठेवून किल्ली बरोबर घेऊन जा.