ईस्ट इंडियन लोक पोर्तुगीजांचे वंशज? अजिबात नाही

डिसोझा, परेरा अशी आडनावं ऐकली की लोक लगेच म्हणतात, यांचे पूर्वज पोर्तुगीज. साष्टी बेटावरच्या, म्हणजे आजच्या मुंबई उपनगरं-ठाणे भागातल्या, ईस्ट इंडियन नावाच्या कॅथलिक ख्रिश्चन लोकांबद्दलचा हा गैरसमज फार जुना आहे आणि खरंच वाईट वाटतं, कारण ही माणसं इथलीच, कोळी, कुणबी, भंडारी घरांतली. १५३४ च्या तहाने वसई-साष्टी पोर्तुगीजांकडे गेली, मग पाद्र्यांनी बाप्तिस्मे दिले आणि आडनावं तिथून चिकटली, रक्तातून नाही. घरात मराठीचीच बोली, म्हाताऱ्यांच्या अंगावर लुगडं, आणि लग्नाआधी वाजतगाजत विहिरीवर जाऊन आणलेलं उंबराचं पाणी, हे काय लिस्बनहून आलं? ईस्ट इंडियन हे नाव तर १८८७ चं, गोवा-मंगळूरहून नोकरीला आलेल्या ख्रिश्चनांपेक्षा आपण वेगळे, इथले मूळचे, हे इंग्रज सरकारला कळावं म्हणून घेतलेलं.