शिखराआधी परत फिरावं लागलं तर

केदारकंठ ट्रेकचे पैसे भरलेत, त्याच्या पावतीसोबत हा कागद. रेल्वेत वाचा, पण सांकरीला, म्हणजे ट्रेक सुरू होतो त्या गावी, उतरायच्या आधी वाचा.

केदारकंठ सुमारे 3,810 मीटर, आपलं नागपूर जेमतेम 310. वर एका श्वासात मिळणारा ऑक्सिजन इथल्या दोन-तृतीयांशाहून कमी. फुटाळा तलावावर रोज धावणाऱ्या पोराला त्याचा त्रास होतो आणि कधी धावल्या नाहीत त्या काकू गप्पा मारत वर जातात, हे आम्ही पाहिलंय. कोणाला बाधेल, आधी सांगता येत नाही. हळू चढलं तर कमी बाधतं, एवढं नक्की.

डोकेदुखी, मळमळ, भूक मरणं, झोप न लागणं ही उंचीच्या त्रासाची सुरुवात. आपल्या लोकांचं उत्तर ठरलेलं: "काही नाही बाप्पा, चहा नाही झाला ना सकाळचा!" चहा घ्या, पण लीडरलाही सांगा. डोकं दुखतं म्हटल्यावर लगेच कोणाला खाली धाडत नाहीत; बहुतेकांना त्याच मुक्कामी आराम केला की बरं वाटतं. दुखत असताना मात्र आणखी वर चढायचं नाही. तोल जाऊ लागला, बोलणं असंबद्ध झालं किंवा बसल्या जागी धाप लागली, तर लगेच खाली, रात्र असली तरी. लीडर पावलापुढे पाऊल चिकटवून सरळ रेषेत चालायला लावेल. हसू नका, मेंदूला सूज येतेय का, याचा अंदाज त्यावरून येतो. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) डॉक्टरांना विचारूनच घ्या, सल्फाची ॲलर्जी असेल तर तेही सांगा.

शिखराच्या दिवशी आम्ही पहाटे तीनला निघतो. सकाळी 10 वाजता जिथे असू, तिथून मागे. ऊन चढलं की बर्फ भुसभुशीत होतो, उतरताना पाय मांडीपर्यंत जातो, आणि दुपारी ढग कधी भरून येतील याचा नेम नाही. ही वेळ आदल्या रात्री तंबूत ठरते, कारण शिखर डोळ्यांसमोर दिसत असताना "अजून अर्धाच तास" म्हणणारा प्रत्येक ग्रुपमध्ये एक तरी असतोच. (कधीकधी तो आमचाच माणूस असतो.)

गोरान क्रॉप हा स्वीडिश गिर्यारोहक स्टॉकहोमहून सायकलने नेपाळला आला. मे 1996 मध्ये एव्हरेस्टच्या माथ्याखाली साधारण 100 मीटरवर, उशीर झाला म्हणून तो मागे फिरला. पुढच्याच आठवड्यात, 10-11 मेच्या वादळात, त्या पर्वतावर आठ जण दगावले. त्यांतले काही जण परत फिरायची वेळ टळून गेल्यावरही वर चढत राहिले होते. क्रॉप 23 मे रोजी माथ्यावर पोचला.

आता पैशांचं. शिखर हुकलं म्हणून रक्कम परत मिळत नाही. गाडी, तंबू, जेवण, गाइड यांचा खर्च झालेलाच असतो. एकट्याला उतरावं लागलं तर आमचा माणूस सोबत येतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. लीडरच्या निर्णयावर वाद घालायचा असेल तर सांकरीला पोचल्यावर, गरम जेवण झाल्यावर घाला.