हत्तीतून रंग वजा केला तर

केनियातल्या त्सावोचे हत्ती तांबडे असतात, विटेसारखे तांबडे. तिथून पश्चिमेला, किलिमांजारोच्या पायथ्याशी अंबोसेलीत गेलं, तर हत्ती राखेत लोळून आल्यासारखे फिकट दिसतात. जात एकच, आफ्रिकी सवाना हत्ती. फरक मातीचा. त्सावोत लोहामुळे लाल झालेली माती, तर अंबोसेलीत आटलेल्या तळ्याची पांढुरकी, खारवट धूळ. हत्ती ती सोंडेने अंगावर उडवतो आणि तिचाच रंग मिरवत फिरतो. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे हे आपल्याला ठाऊक होतं, दाखवायचा रंगही वेगळाच निघाला.

म्हणून हत्तीच्या कृष्णधवल फोटोत काही उणं आहे असं मला वाटत नाही. गेला तो मातीचा रंग.

पण कृष्णधवल फिल्म रंगांकडे डोळेझाक करते, असं मात्र समजू नये. ती प्रत्येक रंगाला उजेडाची एक पायरी देते, आणि ती पायरी छायाचित्रकाराला बदलता येते. लेन्सवर लाल फिल्टर लावला की निळा प्रकाश अडतो, आभाळ काळवंडतं, ढग उठून दिसतात. त्सावोचा तांबडा हत्ती याच फिल्टरमधून उजळतो आणि निळ्या फिल्टरमधून काळाकुट्ट होतो. अंबोसेलीच्या हत्तीला दोन्हींनी फारसा फरक पडत नाही, कारण त्याच्यावरची धूळ सगळे रंग जवळपास सारखेच परतवते. डिजिटल कॅमेऱ्यात ही करामत नंतर संगणकावर करता येते, कारण सेन्सरच्या बिंदूंवर लाल, हिरवे, निळे इवलाले फिल्टर आधीच बसवलेले असतात.

खुद्द हत्तीला तरी सगळे रंग कुठे दिसतात? आपल्या डोळ्यांत रंग ओळखणारी रंगद्रव्यं तीन, त्याच्या डोळ्यांत दोनच. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार दिवसाउजेडी त्याची रंगदृष्टी लाल-हिरव्यात गल्लत होणाऱ्या माणसासारखी असावी. शेजारच्या हत्तीची लाली त्याला आपल्यासारखी दिसत नसणार.

रंग बाजूला झाला की नजर जाते कातडीवर. सकाळचं तिरपं ऊन पडलं की प्रत्येक सुरकुतीच्या एका काठाला उजेड आणि दुसऱ्याला सावली मिळते. भरदुपारी डोक्यावरच्या उन्हात हेच अंग सपाट वाटतं. पण कॅमेऱ्याला दिसणाऱ्या सुरकुत्यांच्या आत आणखी बारीक, मायक्रोमीटरमध्ये मोजाव्या लागणाऱ्या भेगांचं जाळं असतं. ते पाहून उन्हाळ्यात भेगाळलेला तलावाचा तळ आठवतो आणि वाटतं, कातडीही तशीच सुकून आकसत असेल. तसं नाही. जिनिव्हाच्या संशोधकांनी २०१८ साली दाखवलं, की आफ्रिकी हत्तीच्या कातडीवर बारीक उंचवटे असतात. वरचा मृत पेशींचा थर जाड होत जातो, उंचवट्यांमधल्या खळग्यांत वाकतो आणि तिथेच तडकतो. पिल्लाच्या अंगावर हे जाळं नसतं, वाढत्या वयाबरोबर तयार होतं.

या भेगा हत्तीच्या फार कामाच्या. त्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. भेगाळलेली कातडी सपाट कातडीच्या पाच ते दहा पट पाणी धरून ठेवते, ते सावकाश उडतं आणि अंग गार राहतं. चिखलही तिथे घट्ट बसतो.

कानांची गोष्ट निराळी. अंबोसेलीत १९७२ पासून हत्तींच्या अभ्यासक सिंथिया मॉस आणि त्यांचे सहकारी एकेक हत्ती ओळखून त्याच्या नोंदी ठेवत आले आहेत, आणि ओळख पटते ती प्रामुख्याने कानाच्या फाटलेल्या कडा, भोकं आणि शिरांच्या नक्षीवरून. या कामाला रंग लागतच नाहीत.

एक धोका मात्र आहे. कॅमेऱ्याचा लाइट मीटर समोरचं दृश्य मध्यम राखाडी असल्याचं गृहीत धरतो. अंबोसेलीच्या लख्ख मैदानात तो फसतो, उजेड कमी घेतो आणि फोटोत हत्तीचा काळा ठोकळा होतो. तिथे मीटरचं न ऐकता एक-दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट) उजेड वाढवावा लागतो.

मला सगळ्यात आवडतो तो दलदलीतून बाहेर पडणारा हत्ती. किलिमांजारोचं पाणी जमिनीखालून झिरपत येतं आणि या कोरड्या मैदानात दलदली जिवंत ठेवतं. पोटापर्यंत त्यात उभं राहून हत्ती चरतात. बाहेर येतात तेव्हा खालचं अंग काळंभोर, वरचं धुळीने पांढुरकं आणि मधे पट्टीने आखावी तशी रेघ. ओल्या कातडीवरचं पाणी प्रकाशाला मागे विखुरण्याऐवजी आत शिरू देतं, म्हणून ती काळी दिसते. कळप पुन्हा मैदानात चालू लागतो, ऊन चढतं, आणि काळं अंग हळूहळू फिकट होऊ लागतं.