औषध घरात आलं, बाहेर कसं जाणार?

दिवाळीच्या साफसफाईत आईचा औषधांचा पत्र्याचा डबा उपडा केला, तर निम्म्या पट्ट्यांवर तारीखच नव्हती. दुकानदाराने चार गोळ्या कात्रीने कापून दिलेल्या, एक्स्पायरी छापलेला तुकडा दुकानातच राहिलेला. तळाशी अँटिबायोटिक सिरपची अर्धी बाटली, तिचं झाकण चिकटून बसलेलं.

गोळी कशी बनवायची, कुणी विकायची हे १९४० च्या औषध कायद्यानं ठरवलं. १९५४ मध्ये आपल्या पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला आणि पेनिसिलिन इथंच बनू लागलं. औषध घरोघरी पोचलं. उरलेल्या गोळीचं काय करायचं, हे मात्र कुणी सांगितलं नाही. १९९८ चे जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम दवाखाने-रुग्णालयांपुरते होते. घरातली मुदत संपलेली औषधं, फुटलेला थर्मामीटर, वापरलेल्या सुया यांना 'घरगुती घातक कचरा' म्हणून स्पष्ट जागा मिळाली ती २०१६ च्या घनकचरा नियमांत. दर वीस चौरस किलोमीटरला एक संकलन केंद्र हवं, असंही त्यात होतं. तुमच्या ओळखीत कुणी असं केंद्र पाहिलंय का, विचारून बघा.

मग लोक काय करतात? मोरीत ओततात. अँटिबायोटिक असं नाल्यातून मुठा नदीत गेलं, की तिथल्या जंतूंना ते पचवायची सवय लागते. मे २०२५ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी १७ औषधं संडासात टाकून पाणी सोडा असं सांगितलं. पण ती फेंटानिल, मॉर्फिन, ट्रामाडॉल या जालीम वेदनाशामकांसारखी, चुकून लेकराच्या तोंडात गेली तर जीवघेणी ठरणारी आहेत. बाकीच्यांना ही सूट नाही.

पुण्यात हा प्रश्न मला जास्त टोचतो, कारण इथं कचरा माणसं हातानं वेगळा करतात. १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना झाली, तिच्यातूनच पुढे 'स्वच्छ' ही सहकारी संस्था आली. दारी येणाऱ्या ताई सुक्या कचऱ्याची पिशवी ओतून घेतात आणि पट्टी, बाटली, सुई त्यांच्या बोटांना आधी भेटते. शिवाय धडधाकट दिसणारी पट्टी उचलून पुन्हा कुणी विकू शकतं. म्हणून गोळ्या पट्टीतून काढून ओल्या चहाच्या चोथ्यात कालवायच्या, वेगळ्या पुडीत बांधायच्या, वर ठळक 'औषधं' लिहायचं आणि ताईंना सांगून हातात द्यायचं. इन्सुलिनची सुई जाड प्लास्टिकच्या डब्यात, झाकण घट्ट लावून.