पोथी वाचणारा आणि कीर्तनकार: अभिवाचन वेगळं, कथाकथन वेगळं

आमच्या बेळगाव भागात थंडी पडली की रविवारी रविवारी गावोगाव साहित्य संमेलनं सुरू होतात, कडोली, उचगाव, येळ्ळूर, बेळगुंदी, कुद्रेमानी, अशी कितीतरी. सकाळी ग्रंथदिंडी, मग उद्घाटन, अध्यक्षांचं भाषण, दुपारी मांडवातच जेवण आणि जेवण झाल्या झाल्या कथाकथनाचं सत्र. अशाच एका गावच्या आयोजकांचा मला फोन आला, "अक्का, तुम्ही ते चिं. वि. जोशींचं वाचताय न्हवं, तेच करा की आमच्यात, पत्रिकेत कथाकथन म्हणून टाकलंय." मी म्हटलं, दादा, ते अभिवाचन, कथाकथन वेगळं असतंय. तर म्हणाले, "एकच की ओ ते, गोष्टच सांगायची न्हवं."

एकच नाही. आणि हे नीट सांगायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं, कारण या गोंधळात जुन्या विनोदी कथांचं फार नुकसान होतंय. लोक चांगली कथा ऐकायला बसतात, हसू येत नाही, आणि मग म्हणतात जुना विनोद आता चालत नाही. विनोद चालतो हो, ती कथा सांगायची होती की वाचायची हे चुकलेलं असतं.

साधारण समज असा की हातात कागद असला की अभिवाचन आणि कागद नसला की कथाकथन. हे वरवरचं झालं. मी चिं. विं.ची कथा शब्दन् शब्द पाठ करून कागदाशिवाय म्हटली तरी ते अभिवाचनाच्याच जातीचं, आणि एखादा कथाकथनकार हातात चार मुद्द्यांचा कागद धरून बोलला तरी ते कथाकथनच. खरा प्रश्न हा की ऐकणाऱ्यापर्यंत पोचणारं वाक्य कुणाचं आहे, लेखकाचं की तुमचं?

आपल्याकडे हे दोन्ही फार जुनं आहे, फक्त नावं वेगळी होती. श्रावणात देवळात पोथी लावतात, शिवलीलामृत म्हणा हरिविजय म्हणा, तिथं एकजण ओवी वाचतो आणि शेजारी बसलेला अर्थ सांगतो. वाचणारा श्रीधर कवींच्या ओवीतलं एक अक्षर इकडचं तिकडं करत नाही, केलं तर पुढं बसलेले म्हातारे लगेच टोकतात. अर्थ सांगणारा मात्र मोकळा, तो मधेच गावातल्या बैलाचं उदाहरण देईल, पावसाचं बोलेल, कुणी उशिरा आलं तर त्याला "या बसा" म्हणून परत गोष्टीत येईल. कीर्तनकार उत्तररंगात, म्हणजे कीर्तनाच्या दुसऱ्या भागात, आख्यान लावतो तेव्हा हाच मोकळेपणा आणखी वाढतो, समोरचे लोक बघून तो आख्यान लांबवतो, आखडतं घेतो. पोथी वाचणारा म्हणजे अभिवाचन आणि कीर्तनकार म्हणजे कथाकथन, एवढं डोक्यात ठेवलं तरी निम्मं काम होतं.

आता विनोदाकडं या. मराठीत कथाकथन गाजवलं ते शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर या तिघांनी, आणि त्यांच्या कथा मुळातच सांगता येण्यासारख्या आहेत. मिरासदारांची भोकरवाडी घ्या, नाना चेंगट, गणा मास्तर, बाबू पैलवान, ही माणसं जमली की काहीतरी घडायला लागतं आणि विनोद त्या घडण्यात असतो, बोलण्यात असतो. शंकर पाटील तर पट्टणकोडोलीचे, म्हणजे आमच्या निपाणी भागाच्या शेजारचेच, त्यांच्या माणसांची भाषा निपाणीच्या बाजारात आजही ऐकू येते. अशी कथा सांगताना दोन वाक्यं पुढंमागं झाली, एखादा शब्द आपल्या गावचा आला तरी कथेला धक्का लागत नाही, उलट ती जवळची वाटते. पण मूळ लेखक स्वतः आपली कथा सांगतो तेव्हा बदल करायचा हक्क त्याचाच असतो, आपण सांगताना हात जरा राखून ठेवावा, घटना आणि शेवट तरी बदलू नये.

चिं. विं.चं तसं नाही. त्यांच्या कथांतला चिमणराव स्वतःच सगळं सांगतो, आणि अगदी गंभीरपणे सांगतो. आपण काही हसण्यासारखं केलंय हे त्याला माहीतच नाही, गुंड्याभाऊच्या नादानं जे काय झालं ते तो सरळ मनानं मांडतो, आणि हसू येतं ते त्याच्या वाक्याच्या या साधेपणामुळं. हीच कथा तुम्ही तुमच्या शब्दांत सांगायला गेलात की काय होतं? तुम्हाला ठाऊक असतं की हे गमतीचं आहे, मग ते तुमच्या आवाजात येतं, डोळ्यात येतं, "आणि काय गंमत बघा" असं एक वाक्य तोंडातून निघून जातं, आणि तिथं चिमणराव संपला. मी स्वतः एका गावात हे केलंय. सत्र कथाकथनाचं, म्हणून कागद पिशवीतच ठेवला आणि चिमणरावाची कथा आठवून आठवून सांगितली. घटना सगळ्या आल्या, क्रम बरोबर, शेवटही बरोबर, पण लोक शांत बसून राहिले. पुढं काही महिन्यांनी तीच कथा वडगावात एका घरच्या ओट्यावर दहा-बारा बायकांपुढं कागदावरून जशीच्या तशी वाचली तर एक आजी पदर तोंडाला लावून हसत होती.

श्रीपाद कृष्ण कोल्हटकर आणि बाळकराम म्हणजे राम गणेश गडकरी यांच्याकडं तर हे आणखीच. कोल्हटकरांचा सुदामा, बंडूनाना, पांडूतात्या हे तिघं जे तर्कट लढवतात ते लांब लांब वाक्यात असतं, वाक्य सुरू होतं एका टोकाला आणि गंमत असते शेवटच्या दोन शब्दांत. गडकऱ्यांच्या कोट्या शब्दावर उभ्या आहेत, शब्द बदलला की कोटी पडली. कोल्हटकर १९३४ साली गेले, गडकरी १९१९ सालीच, म्हणजे भाषा शंभर वर्षांपूर्वीची, आणि म्हणून बऱ्याच जणांना वाटतं की सोपी करून सांगावी. माझा अनुभव उलटा आहे, वाचणाऱ्याला वाक्य नीट कळलं असेल तर ऐकणाऱ्याला कळतं, अगदी शाळा फारशी न शिकलेल्यांनाही, कारण आवाज कुठं चढतो कुठं थांबतो यावरून अर्थ उलगडत जातो. एखादा फारच अडलेला शब्द असेल तर कथा सुरू करायच्या आधी सांगून टाकावा, मधे थांबून नको.

जुनी आवृत्ती हातात असेल तर आणखी एक गोष्ट येते ती म्हणजे अनुस्वार. घरांत, त्यानें, केलें, तें, असं छापलेलं असतं. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम आले तेव्हा उच्चारात नसलेले हे अनुस्वार गेले, त्यामुळं आताची मुलं जुनं पुस्तक वाचायला घेतली की प्रत्येक टिंब नाकात म्हणतात आणि कथा विचित्र वाटायला लागते. ते टिंब म्हणायचं नाही, पुढं चला. पण मग "केलें" हे "केले" वाचायचं की "केलं"? कथाकथनात सरळ "केलं", बोलीच ती. अभिवाचनात मी निवेदन असेल तिथं "केले" ठेवते आणि पात्र घरगुती बोलत असेल तिथं "केलं" म्हणते. निवेदनाचा तो पुस्तकी आब राहिला तरच त्याच्या शेजारी पात्राची फजिती उठून दिसते, सगळंच बोलीत आणलं तर दोन्ही एकाच पातळीवर येतं.

आमच्याकडं अजून एक आहे. बेळगाव-कोल्हापूरकडच्या बायका "मी येतो", "मी गेलो" असंच बोलतात, मीही घरी तसंच बोलते, लिहिताना तेवढं "येते, गेले" होतं. आता कथेतली पुण्याची काकू "मी आले" म्हणते तिथं माझ्या तोंडून "मी आलो" गेलं तर ती काकू पुण्याची राहिली नाही, म्हणून अभिवाचनाच्या आधी अशा जागा मी पेन्सिलीनं खूण करून ठेवते. कथाकथनात हीच गोष्ट कामाला येते, तीच काकू बेळगावातल्या शहापूरच्या गल्लीतली करून "मी आलो की गं" म्हटलं की ऐकणाऱ्या बायका लगेच सरसावून बसतात.

पु. ल. देशपांड्यांनी रंगवलेल्या रावसाहेबांचं मात्र वेगळं बोलायला पाहिजे, आमच्याकडं वाचनाचा विषय निघाला की ते निघतातच. पु. ल. काही काळ इथल्या राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवायला होते, आणि रावसाहेब म्हणजे बेळगावचेच कृष्णराव हरिहर. कानडी वळणाचं ते मराठी आमच्या घराघरात आहे, हेल आमचाच. पण पु. लं.च्या आवाजातलं रेकॉर्डिंग इतकं कानात बसलंय की जो तो उठतो तो तेच म्हणतो, तोच दम, तीच जागा, तसंच खाकरणं. मला वाटतं हे वाचनही नाही आणि सांगणंही नाही, ही नक्कल झाली. बेळगावच्या माणसानं तरी ते रेकॉर्डिंग महिनाभर बंद ठेवून आपल्या शेजारचे, भाजी मार्केटमधले, कोर्टाजवळचे असे कानडी-मराठी एकत्र बोलणारे लोक ऐकावेत आणि मग पान उघडावं. शब्द पु. लं.चे आणि कान आपला, मग ते अभिवाचन.

आणि "बटाट्याची चाळ" रंगमंचावर आली तो तिसराच प्रकार, एकपात्री प्रयोग. पुस्तक १९५८ चं, प्रयोग १९६१ पासूनचे. तिथं उठणं बसणं आहे, अंगविक्षेप आहे, माणसं दिसायला लागतात. अभिवाचनात हातवारे जितके कमी तितकं बरं.

तयारीतही फरक पडतो. कथाकथनाला मी कथा पाच-सहा वेळा वाचते, मग पुस्तक मिटून भाकरी थापता थापता घरच्यांना सांगते, कंटाळले की कुठं कापायचं ते कळतं. अभिवाचनाला कापाकापी आधीच कागदावर, आणि कापायचं ते अख्खा परिच्छेद, अर्धं वाक्य कधीच नाही. मोठ्या अक्षरात एका बाजूला प्रिंट काढायची, आणि गमतीचं वाक्य पान उलटायच्या जागी येणार नाही असं बघायचं. हे फार महत्त्वाचं आहे, अर्धं वाक्य या पानावर आणि उरलेलं पुढच्या, मधे कागदाची खसखस, माइकमध्ये ती दुप्पट ऐकू येते, झालं, हसू गेलं. लोक हसायला लागले की थांबायचं दोन्हीकडं, पण कथाकथनात नजर समोर असते म्हणून कळतं, वाचताना नजर खाली असते म्हणून बोट ओळीवर ठेवून मान वर करायची सवय मुद्दाम लावून घ्यावी लागते. हसण्यात पुढचं वाक्य बुडालं तर सांगणारा ते परत फिरवून सांगू शकतो, वाचणाऱ्यानं मागं जाऊन तेच वाक्य परत वाचलं तर मजा जाते, म्हणून आधीच थांबलेलं बरं.

मग जेवणानंतरच्या त्या सत्राला काय करावं? माझं मत स्पष्ट आहे. पाच-सहाशे लोक, पोट भरलेलं, मागं पोरं खेळतायत, कर्णा घुमतोय, तिथं कथाकथनच करावं, मिरासदार किंवा शंकर पाटील. चिं. वि. आणि कोल्हटकर पंचवीस-तीस लोकांच्या खोलीत, वाचनालयात, कुणाच्या माडीवर, जिथं वाक्याचं शेवटचं अक्षरसुद्धा मागच्या भिंतीपर्यंत जातंय. त्या आयोजक दादांना मी हेच सांगितलं, त्यांनी ऐकलं, आणि मी तिथं भोकरवाडी सांगितली.

रेकॉर्डिंग करून युट्यूबवर टाकणाऱ्यांसाठी एक सांगून ठेवते. आपल्याकडं लेखकाचा हक्क तो गेल्यानंतर ६० वर्षं चालतो. कोल्हटकर, गडकरी कधीच मोकळे झाले. चिं. वि. १९६३ साली गेले, म्हणजे २०२३ संपल्यावर त्यांचं लेखनही मोकळं झालं. पु. ल. २००० साली गेले आणि मिरासदार २०२१ साली, त्यांचं टाकायचं तर परवानगी घ्यावीच लागते, मग ते वाचलेलं असो की आपल्या शब्दांत सांगितलेलं.

मी सध्या चिं. विं.चीच एकेक कथा फोनवर रेकॉर्ड करून नंदगडच्या आत्याला पाठवते, तिला आता वाचायला दिसत नाही. मागच्या आठवड्यात घाई होती म्हणून एक कथा थोडक्यात माझ्या शब्दांत सांगून पाठवली, तर संध्याकाळी तिचा फोन, "हे काय गं सांगूलालीस, वाच की नीट, पुस्तकात आहे तसं." रात्री जेवणं झाल्यावर परत वाचून पाठवली, बावीस मिनिटं झाली.