गाडी बंद करायला हात का धजत नाही

कुणाला घ्यायला गेलं की गाडी कडेला लागते, पण इंजिन घरघरत राहतं. ‘दोन मिनिटांत निघायचंच आहे’, ‘परत सेल्फ मारला की जास्त पेट्रोल जातं’, ‘बॅटरी उतरेल’, ही कारणं सगळ्यांना पाठ आहेत. ती आली कुठून हे पाहायला हवं, कारण यातलं प्रत्येक कारण एके काळी खरं होतं.

सुरुवातीच्या पेट्रोल गाड्या हॅंडल मारून चालू व्हायच्या. आधी ठिणगी जरा उशिरा पडेल अशी वेळ लावायची, मग पुढे येऊन रेडिएटरखाली हॅंडल अडकवायचं आणि जोरात वर खेचायचं. अंगठा मात्र बोटांच्याच बाजूला ठेवायचा, दांड्याभोवती मूठ वळायची नाही. ठिणगी वेळेआधी पडली तर इंजिन उलटा झटका देई आणि अंगठा किंवा मनगट मोडे. असं एकदा चालू झालेलं इंजिन पाच मिनिटांसाठी कोण बंद करणार?

हा त्रास संपवला अमेरिकी अभियंते चार्ल्स केटरिंग यांनी. त्याआधी त्यांनी दुकानातल्या गल्ल्याच्या यंत्राला विजेची मोटर बसवली होती. ही मोटर सतत चालायची गरज नव्हती, क्षणभर जोर लावला की काम होई. इंजिन फिरवायलाही तेवढंच लागतं, हे त्यांनी ओळखलं. १९१२ सालच्या कॅडिलॅक गाड्यांना विजेचा सेल्फ आला. फोर्डच्या मॉडेल टीला मात्र त्यासाठी १९१९ साल उजाडावं लागलं.

हॅंडल गेलं तरी धास्ती गेली नाही, कारण हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा कार्बोरेटर होता. थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून चोक ओढून हवा कमी करायची आणि पेट्रोलचं प्रमाण वाढवायचं. वर ॲक्सिलरेटर दोन-तीनदा दाबायची सवय. प्रत्येक दाबासरशी कार्बोरेटरमधला छोटा पंप पेट्रोलची पिचकारी सोडे. जरा जास्त झालं की प्लग ओले, पेट्रोलचा भपकारा, आणि सेल्फ मारून मारून बॅटरी उतरलेली. मग धक्का मारायला माणसं शोधा. ‘चालू करताना पेट्रोल जास्त जातं’ हा समज याच पिचकारीतून आला असावा, आणि त्या गाड्यांपुरता तो चुकीचा नव्हता. थंडीत घट्ट होणारं जुनं ऑइलही होतंच. म्हणून सकाळी गाडी ‘तापवून’ काढायची रीत पडली.

बदल झाला तो इंजेक्शनमुळे, म्हणजे मोजून पेट्रोल फवारणाऱ्या यंत्रणेमुळे. फोक्सवॅगनच्या १६०० या गाडीत १९६७ साली बॉश या जर्मन कंपनीची इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन यंत्रणा आली. पुढच्या तीसेक वर्षांत नव्या गाड्यांमधून कार्बोरेटर जवळपास हद्दपार झाला. आता किती पेट्रोल सोडायचं हे इंजिनाचं तापमान आणि हवा मोजून ठरतं. गरम इंजिन पुन्हा चालू करायला जेमतेम थेंबभर पेट्रोल लागतं. अमेरिकेतल्या आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या मोजणीनुसार दहा सेकंदांहून जास्त थांबायचं असेल, तर इंजिन चालू ठेवण्यात बंद करून पुन्हा चालू करण्यापेक्षा जास्त इंधन जळतं. दोन लिटरच्या इंजिनाची छोटी गाडी नुसती उभी असताना तासाला साधारण ०.६ लिटर पिते. म्हणजे दहा मिनिटांत अर्धा पेला पेट्रोल, आणि सायलेन्सरमधून पाव किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड. तोही लोक उभे असतात नेमका तिथेच सुटलेला धूर. मला हेच सगळ्यात खुपतं.

कंपन्यांना हे फार पूर्वीच कळलं होतं. १९७३ च्या तेलसंकटानंतर टोयोटाने क्राउन गाडीत, थांबल्यावर इंजिन आपोआप बंद करणारी यंत्रणा बसवून पाहिली. नव्वदच्या दशकात फोक्सवॅगनने गोल्फमध्ये तसाच प्रयत्न केला, १९९७ साली टोयोटाची पेट्रोल आणि वीज दोन्हींवर चालणारी प्रियस आली, आणि २००० नंतर ही सोय साध्या गाड्यांतही दिसू लागली. त्यासाठी सेल्फ, बेअरिंग आणि बॅटरी मुद्दाम दणकट करावी लागली. बॅटरीवर ताण येतो ही तक्रार त्यांनीही खरीच मानली होती. अशी सोय नसलेल्या गाडीत दर मिनिटाला चावी फिरवत बसू नये, ते याचसाठी. ब्रिटनमध्ये १९८६ पासूनच्या नियमांनुसार उभ्या गाडीचं इंजिन विनाकारण चालू ठेवता येत नाही, जर्मनीतही तशी मनाई आहे.

काही ठिकाणी जुना सल्ला आजही लागू पडतो. घाटातून किंवा वेगाने दामटून आणलेली टर्बोची (इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या पंख्याची) गाडी लगेच बंद करू नये. टर्बोच्या बेअरिंगमधलं ऑइल तिथेच थांबून जळतं, म्हणून मिनिटभर शांत चालू द्यावी. रहदारीत सरकत असताना हाताने चावी फिरवून इंजिन बंद करणं तर धोक्याचं आहे. ब्रेकची मदत दोन-तीन दाबांत संपते आणि स्टिअरिंग जड होतं. सकाळी तापवण्याची गरज मात्र उरलेली नाही. आजचं पातळ ऑइल काही सेकंदांत सगळीकडे पोचतं, आणि उभ्या गाडीपेक्षा हळू चालवलेल्या गाडीचं इंजिन लवकर गरम होतं. उलट थंड इंजिन उभ्या उभ्या चालू ठेवलं, की न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली ऑइलमध्येच उतरतं.

इंजिन आपोआप बंद होण्याची सोय असलेल्या बहुतेक गाड्यांत ती थांबवणारं एक बटण असतं. गोल बाणात ‘ए’ अक्षर. अनेकजण गाडीत बसल्या बसल्या आधी तेच दाबतात.